सत्कार बंद

झेंडा संध्याकाळी उतरतो, घडी होऊन कपाटात जातो. किस्से मात्र बाहेरच राहतात. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, मध्ये एक मे. कार्यक्रम कसाबसा तासाभराचा. पण दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "काल ते बघितलंत का?" आणि ढिगात आणखी एकाची भर पडते.

आमचं गाव सातारा-सांगलीच्या हद्दीवरचं. ऊस आणि फौज, दोन्ही भरपूर. इथली पोरं दहावीचा निकाल नंतर बघतात, आधी भरतीसाठी पळायला लागतात. पहाटे रस्त्यानं इतकी पोरं धावत असतात की गावात नवीन बदलून आलेल्या ग्रामसेवकानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कुठं आग लागलीय का?"

मी इथल्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. आमचे हे फौजेत नायक होते. बर्फातल्या ड्युटीवर असताना गेले. त्याबद्दल इथे एवढंच.

*

ध्वजवंदन समितीचे अध्यक्ष सुभेदार आप्पा. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून ड्युटीवर आहे. माईक समोर असला तरी ते बाजूला सारतात. म्हणतात, "ह्यानं आवाज बारीक येतो."

एका सव्वीस जानेवारीला त्यांनी मैदानात "सावधान!" म्हणून ऑर्डर दिली. त्याच वेळी शाळेसमोरून दूधवाला मोटरसायकलवर चालला होता. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन. त्यानं जागेवर ब्रेक दाबला, खाली उतरला आणि ताठ उभा राहिला. गाडी स्टँडवर लावायचं राहूनच गेलं! गाडी आडवी, कॅन आडवे, दुधाचा ओहोळ थेट गेटपर्यंत. तो मात्र हलेना.

कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापक हळहळले, "अरे, निदान गाडी तरी सावरायची!"

दूधवाला म्हणाला, "आप्पांनी 'विश्राम' कुठं म्हटलं हुतं?"

आप्पांनी त्याची पाठ थोपटली. "दूध काय, उद्याबी येतंय. मानूस कडक ऱ्हायला!"

*

वेशभूषा स्पर्धा हा आमचा जुना ताप. "देशासाठी झटणारी माणसं" असा विषय दिला होता. आठ मुलं आली, आठही जवान! कराडच्या एकाच दुकानातून भाड्यानं आणलेले एकाच मापाचे ड्रेस. कुणाच्या बाह्या गुडघ्यापर्यंत, कुणाची टोपी नाकावर. नववी स्पर्धक होती पाचवीतली एक मुलगी. ती एसटीची कंडक्टर होऊन आली होती, कारण तिची आई कंडक्टर आहे.

स्टेजवर गेल्या गेल्या जवानांनी बंदुका काढल्या. पण शत्रू कोण होणार? कुणीच तयार होईना. "तू हो", "न्हाई, तूच हो", असं करता करता खरंखुरं युद्ध सुरू झालं. एकाची मिशी पुसली, एकाचा पट्टा तुटला. परीक्षक म्हणून बसलेले आप्पा "शिस्त! शिस्त!" ओरडत होते, पण ही पलटण त्यांचंही ऐकेना.

शेवटी कंडक्टरनं शिट्टी मारली. तिकिटाचा पंच टकटक वाजवला आणि म्हणाली, "भांडू नगा. एका मागनं एक उतरा!"

आठही जवान रांगेत खाली उतरले. आप्पांनी पहिला नंबर एका जवानाला दिला. मी विचारलं, "आप्पा, स्टेज कुणी सांभाळलं?"

"तिनं सांभाळलं," आप्पा म्हणाले, "पर ड्रेस फौजेचा न्हवं."

*

आता माझी स्वतःची गोष्ट. आमच्या शाळेत सूत्रसंचालन मराठीच्या शिक्षिकेकडे असतं, आणि सत्कार वीरपत्नीचा असतो. दोन्ही मीच. त्यामुळे दर वर्षी मला माईकवर म्हणावं लागायचं, "आता मी वीरपत्नींना व्यासपीठावर येण्याची नम्र विनंती करते." मग माईक ठेवायचा, पदर सारखा करायचा, चार पावलं चालत जायचं आणि शाल घ्यायची. मग परत येऊन माईक उचलायचा आणि म्हणायचं, "यांच्या त्यागाला आपण टाळ्यांच्या गजरात वंदन करू या!"

एकदा सहावीतल्या एकानं वर्गात विचारलं, "बाई, तुमी न्हाई आला, तर तुमीच तुमाला परत हाक मारनार व्हय?"

मी त्याला खाली बसायला सांगितलं.

*

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. सत्कारात शाल मला आणि नारळ त्यांना, म्हणून त्या दिवसासाठी त्यांचं इस्त्रीचं लुगडं आठवडाभर आधीपासून गादीखाली असायचं. कार्यक्रम आठला असला तरी त्या सहाला पहिल्या रांगेत. मुख्याध्यापक आमंत्रण द्यायला घरी आले की त्यांचा एकच प्रश्न, "नाव कोन घेनार हाय? मोठ्यांदा घ्या म्हनावं."

एका वर्षी नेमकं नाव घेताना लाईट गेली. कर्णा बंद. बाहेरून आलेले पाहुणे नारळ घेऊन उभे, आत्या खुर्चीतून उठायलाच तयार नाहीत.

"आजी, या ना," मुख्याध्यापक म्हणाले.

"नाव कुठं ऐकू आलं?"

मुख्याध्यापकांनी तोंडानं, घशाच्या शिरा ताणून नाव घेतलं.

"हे हितंच पडलं," आत्या म्हणाल्या. "मळ्यापतूर गेलं पायजे."

लाईट येईपर्यंत पाहुणे नारळ या हातातून त्या हातात घेत उभे राहिले. लाईट आली, संभाजी हे ह्यांचं नाव उसावरून पार ओढ्यापलीकडे गेलं, तेव्हा आत्या उठल्या.

*

मागच्या पंधरा ऑगस्टला शाल दिल्यावर मला फोटोसाठी व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवलं होतं. समोर सातवीच्या रांगेत एका मुलाच्या टोपीवर नाकतोडा येऊन बसला. ध्वजवंदनाच्या रांगेत हलायचं नाही, हे त्याला पक्कं माहीत. तो डोळे वर करून नाकतोड्याकडे बघतोय आणि नाकतोडा खाली वाकून त्याच्याकडे! मला हसू आवरलं नाही.

मोबाईलवर फोटो काढणारा गावातलाच एक तरुण धावत पुढे आला. अगदी हळू आवाजात, आदरानं म्हणाला, "बाई, हसू नगा. वीरपत्नी हाय तुमी. फोटो खराब हुतोय."

मी तोंड मिटलं. फोटो चांगला आला. सगळ्या ग्रुपवर फिरला.

घरी आल्यावर मी तो फोटो पाहिला आणि ठरवलं, आता पुरे. पुढच्या वर्षी मी त्या खुर्चीत बसणार नाही आणि तिथं दुसऱ्या कुणालाही बसवू देणार नाही.

*

यंदाच्या मीटिंगमध्ये मी सरळच विषय काढला. "सत्कार बंद करू या."

मुख्याध्यापकांनी चहाचा कप तोंडाशी नेला तो तिथंच थांबला. आप्पा म्हणाले, "म्हंजे फौजी नगो?"

"फौजी हवा. पण खुर्चीत बसवून, नारळ देऊन मोकळं व्हायला नको. पंधरा ऑगस्ट सगळ्या गावाचा आहे, आप्पा. पुराच्या पाण्यात खांबावर चढून गावाला लाईट देणारा वायरमन मागं गेटजवळ उभा असतो. घरोघरी औषधं पोचवणारी आशाताई पोरांना पाणी वाटत फिरते. ही माणसं या दिवशी फक्त टाळ्या वाजवायला येतात. आमच्या ह्यांना ते पटलं नसतं, आणि मलाही पटत नाही."

"आवं बाई," आप्पांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "वर्सातनं दोन दिस. येरवी फौजीला कोन इचारतंय? पेन्शनीच्या दाखल्याला बँकेत गेलो, तर काउंटरवरची पोरगी म्हनती, काका, जिवंत असल्याचा पुरावा द्या. म्या तिच्यासमोर हुबा! हे दोन दिस तरी गावानं वळखू दे की."

हे खरं होतं. मी तसं म्हटलंही. "पण आप्पा, पंधरा ऑगस्टला शाल दिली की गावाला वाटतं, आपलं काम झालं. म्हणूनच बाकीचे दिवस तसे जातात."

मुख्याध्यापकांनी कप खाली ठेवला. "दोन्ही मुद्दे योग्य आहेत. पण तिसराही एक मुद्दा असू शकेल."

"कोणता?" आम्ही दोघांनी एकदम विचारलं.

"तो अजून सुचलेला नाही."

तासाभरानं तोडगा निघाला. झेंडा सुट्टीवर आलेल्या फौजीनंच चढवायचा. ती गावाची रीत, तिला मीही हात लावला नाही. गेलेल्यांची नावं घ्यायची. पण सत्कार, शाल, बाहेरचे पाहुणे, सगळं बंद. त्या वेळात गावातलं कुणीही उठून दोन शब्द बोलावं.

आप्पांनी सही केली आणि उठता उठता म्हणाले, "सासूला इचारलंय का तुमच्या?"

मी विचारलं नव्हतं.

"त्या म्हातारीला वर्सात दुसरं काय हाय, बाई?"

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले.

*

आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं.

"म्हंजे मला वर बोलावनार न्हाईत."

"नाही. पण नाव घेणार आहेत. मीच घेणार आहे."

"नुसतं नाव." त्यांनी एक शेंग फोडली. "यंदा नुसतं नाव. म्होरल्या वर्साला तेबी जाईल."

"जाणार नाही, आत्या."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. जे सांगायचं ते म्हशीला. मी अंगणात दिसले की वैरण टाकता टाकता मोठ्यानं, "आपल्याला कोन इचारतंय, बाई! शिकल्याली मानसं समदं ठरवून येत्यात!" म्हैस मान हलवायची.

मला रात्री नीट झोप लागेना. एका आईची वर्षातली एकुलती एक गोष्ट मी काढून घेतली होती. पण निर्णय फिरवावासा एकदाही वाटला नाही. चौदा ऑगस्टला मी त्यांचं लुगडं इस्त्री करून खाटेवर ठेवलं. त्यांनी ते म्हशीला दाखवलं.

*

यंदा झेंडा चढवला दिनकरनं. दिनकर म्हणजे आप्पांचा मुलगा, फौजेत हवालदार, सुट्टीवर आलेला. आमच्या ह्यांच्याच वर्गातला, लहानपणीचा जोडीदार. राष्ट्रगीत झालं. मी नावं वाचली. ह्यांचं नाव घेताना आवाज नीट ठेवला आणि माईकपासून तोंड हलू दिलं नाही, म्हणजे ते मळ्यापर्यंत जाईल.

मग मुख्याध्यापक म्हणाले, "ज्यांना बोलायचं असेल त्यांनी पुढं यावं."

सगळं गाव स्वतःच्या चपलांकडे बघायला लागलं. वायरमन गेटच्या आडच झाला!

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आत्या उठल्या. आता त्या सगळ्यांसमोर मला जाब विचारणार, असंच वाटलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही तेच वाटलं असावं.

आत्यांनी माईक उलथन्यासारखा धरला. दोनदा फुंकर मारली.

"माजा संभा ह्याच शाळंत हुता. लय वांड."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"इतकी वर्सं येतीया हितं. नारळ द्यायचं आन् बसा म्हनायचं. बोलाय कुनी लावलं न्हाई. आज सांगते. सातवीत हुता तवा. ह्योच दिस. जिलबीचं टोपलं तितं व्हरांड्यात ठेवल्यालं. राष्ट्रगीत सुरू झालं. मास्तर ताठ, सरपंच ताठ, समदं गाव ताठ. मान वळवायची सोय न्हाई. आन् तवा ह्यानं टोपलं उचाललं!"

मैदान हसलं. मुलं तर लोळायची बाकी होती. आत्या थांबल्या, हसू ओसरू दिलं.

"राष्ट्रगीत सपलं, बगत्यात तर टोपलं गायब. मास्तरांनी झडती घेतली, पर चोर काय गावला न्हाई. पाकानं भरल्यालं सदरं मी धुतलं, म्हून मला ठावं."

पुन्हा हशा. आता मीही हसत होते, उघडपणे.

"पर टोपलं लय मोठं हुतं," आत्या म्हणाल्या. "येकट्याला उचालन्याजोगं न्हवतं. दुसऱ्या बाजूनं कुनी धरलं हुतं, सांगू?"

आणि त्यांनी हात लांब करून थेट झेंड्याच्या खांबाकडे बोट केलं.

खांबाशेजारी हवालदार दिनकर उभा. कडक युनिफॉर्म, छातीवर मेडलं, बुटात तोंड दिसेल असं पॉलिश. चेहरा कानापर्यंत लाल.

हसणं एकदम थांबलं. आप्पा खुर्चीतून उठले. माईकची त्यांना कधीच गरज नव्हती.

"दिन्या! राष्ट्रगीत चालू असताना हाललास तू?"

दिनकरनं मान वळवली नाही. नजर समोर, हात मांडीला चिकटलेले.

"व्हय, आप्पा," तो म्हणाला. "संभानं मला येक ज्यादा दिली हुती."