शनिवारच्या वहीतली चौथी बातमी

भाचरं सुट्टीला आली की दुपारची जेवणं झाल्यावर माझ्याभोवती कोंडाळं करून बसतात आणि म्हणतात, "मावशी, बातम्यांची गोष्ट." मग मी उठते, पदर खोचते आणि बारा वर्षांची असताना भोसरीतल्या आमच्या आळीत ज्या आवाजात शाळेच्या बातम्या वाचायचे तो आवाज काढते. आवाज आता फाटलाय, पण पोरं लोळून हसतात. उवांच्या बातमीपर्यंत मी गोष्ट सांगते. तिथं टाळ्या पडल्या की पाणी प्यायचं निमित्त काढून उठते. आजवर त्याच्यापुढं गेलेले नाही. लिहिताना पाण्याचं निमित्त चालत नाही, म्हणून आज पुढचं.

मी सातवीत होते. आमच्या गुरुजींना त्या वर्षी नवी कल्पना सुचली होती. शाळेत काय चाललंय ते घरी कळलं पाहिजे, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं असावं. त्यांनी प्रत्येक आळीला एक वही केली. शनिवारची सकाळची शाळा सुटायच्या आत ते त्या वह्यांत टपोऱ्या अक्षरात आठवड्याच्या बातम्या लिहायचे. काय शिकवलं, गैरहजर कोण, मार कोणी खाल्ला आणि कशासाठी, शिवाय पुढच्या आठवड्यात काय आहे. झेंडावंदन, परीक्षा, नाहीतर तपासणीला दिपोटीसाहेब येणार असले तर अंगणात सडा घालायला कोणी यायचं ते. ही वही आळीतल्या एका मुलीनं घरोघर न्यायची, वाचून दाखवायची आणि ऐकल्याची खूण म्हणून घरातल्या मोठ्या माणसाचा अंगठा पानाखाली घ्यायचा. त्यासाठी शाईत भिजवलेली चिंधी घातलेली पत्र्याची डबी मिळाली होती.

आमच्या आळीत नऊ घरं. वाचता येणारी मोठी माणसं फक्त आमच्या घरात, कारण वडील तलाठी. तेव्हा वही कोणाकडं यायची यावर चर्चा झाली नाही. मी डबी आणि वही घेऊन निघाले की दिपोटीसाहेबसुद्धा माझ्यापुढं कोण, असं मला वाटायचं. चालसुद्धा बदलायची. आई म्हणायची, "अगं, पाय नीट टाक, पडशील." मी दोनदा पडलेही.

मी नुसतं वाचत नव्हते. गुरुजींनी लिहिलं होतं, 'दोन मुलींच्या डोक्यात उवा आढळल्या, पालकांनी लक्ष द्यावे.' मी एवढंच वाचायचे आणि थांबून समोरच्या बाईच्या पोरीकडं बघत राहायचे.

"अगं बया! आमची का काय?" बाई विचारायची.

"नावं सांगायला गुरुजींची मनाई आहे," असं म्हणून मी पोरीकडं आणखी जरा बघायचे.

एकीच्या आईनं त्याच संध्याकाळी तिच्या डोक्याला रॉकेल चोळलं. पोर रडून रडून बेजार झाली. तिच्या डोक्यात एकही ऊ नव्हती. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण वहीतल्या त्या दोघींपैकी एक मी होते.

इथं टाळ्या पडतात.

आळीच्या टोकाला कुडाच्या भिंतींचं एक घर होतं. तिथं मायलेकी राहायच्या. माणदेशाकडून आलेल्या, बाप गेलेला. आई दिघीच्या लष्करी हद्दीत बराकींचं बांधकाम चाललं होतं तिथं घमेली वाहायला जायची. मुलगी माझ्या वर्गात. ती फारशी बोलायची नाही, लाजरी होती, आणि कपडे दोनच. पण गणित! गुरुजी फळ्यावर हौदाला दोन नळ लावून अजून खडू खाली ठेवत नाहीत तोवर ती पाटीवर उत्तर लिहून मोकळी. मी तेव्हा पहिला नळ उघडत असायचे. एकदा गुरुजी सगळ्यांदेखत म्हणाले, "तलाठ्यांची बोलते छान. हिचं न बोलता बरोबर येतं." वर्ग हसला. मीही हसले. ते हसणं मी कितीतरी दिवस तोंडात धरून हिंडत होते.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं काय, हे तिच्या आईनं तिला माझ्यासमोरच सांगितलं होतं, "कुठं फुकट बोर्डिंगात घेत्यात का बघ. घेतलं तर शीक बाई, म्या न्हाई म्हननार न्हाई. न्हाई घेतलं तर जूनपासनं घमेलं." त्यात राग नव्हता. भाकरी किती उरल्यात ते सांगावं तसं तिनं ते सांगितलं होतं. माझं मात्र ठरलेलं होतं. पुण्याला काकांकडं राहायचं, तिथल्या मुलींच्या शाळेत जायचं. नवी ट्रंकसुद्धा आली होती.

हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कोणी माझ्यासाठी कारणं शोधायला नको.

त्या शनिवारी ती मुलगी शाळेत नव्हती. तिला कांजिण्या आल्या होत्या. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला होता. अशा घरात बाहेरच्यानं पाऊल टाकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. वहीत चार बातम्या होत्या. अपूर्णांक झाले. दोन मुलं विहिरीवर पोहायला पळाली म्हणून त्यांना छड्या. सोमवारी शाळा सारवायची. आणि चौथी: 'तळेगावच्या मुलींच्या वसतिगृहात हायस्कूलसाठी एक मोफत जागा आहे. परीक्षा महिनाअखेर तळेगावी. ज्या मुलींना बसायचे त्यांच्या पालकांनी बुधवारी सकाळी शाळेत येऊन अर्जावर सही अथवा अंगठा करावा. नंतर अर्ज जाणार नाही.'

आठ घरी मी चारही बातम्या वाचल्या. नवव्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले. तिची आई डोळे चोळत बाहेर आली. पोरीच्या उशाशी बसून दोन दिवस कामाला गेली नव्हती.

"हळू वाच गं ताई. आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."

मी हळू वाचलं. अपूर्णांक वाचले. छड्या वाचल्या, त्याही अगदी चवीनं. शाळा सारवायची वाचली. मग चौथ्या ओळीवर बोट आलं. ते मी तिथंच ठेवलं आणि वही तशीच पुढं केली.

"झालं?"

"झालं, मावशी. अंगठा."

तिनं चिंधीवर अंगठा दाबला आणि बरोबर माझ्या बोटाच्या खाली उमटवला. फार सुरेख उमटला. रेघन् रेघ दिसत होती. आत जाऊन ती मूठभर भाजलेल्या शेंगा घेऊन आली, उंबऱ्याच्या आतूनच माझ्या ओच्यात टाकल्या. मी त्या घरी पोचेपर्यंत संपवल्या. टरफलं वाटेत टाकली. घशात काही अडकलंबिडकलं नाही. गोष्टीत अडकतं, मला नाही अडकलं.

बुधवारी वडिलांनी माझ्या अर्जावर सही केली. काकांकडं जायचं ठरलेलं असताना अर्ज कशाला, असं आईनं विचारलं, तर वडील म्हणाले, "पहिली येईल, नाव होईल." मलाही तेवढंच हवं होतं.

दोन आठवड्यांनी ती परत शाळेत आली. तोंडावर खपल्यांचे डाग. गुरुजी तिच्यावर खेकसलेच, "तुझ्यासाठी मी ही जागा शोधून काढली, आणि तुझ्या आईला एक अंगठा करायला यायला होत नाही?"

तिनं विचारलं, "कसली जागा, गुर्जी?"

गुरुजींनी वही उघडून तिच्यापुढं टाकली. तिनं ते पान वाचलं. एकदा वाचलं, मग खालचा अंगठा बघितला. मग गुरुजींकडं न बघता, माझ्याकडंही न बघता, घोकल्यासारखं म्हणाली, "अपूर्णांक झाले. दोन मुलं विहिरीवर पळाली, छड्या मिळाल्या. सोमवारी शाळा सारवायची. झालं, मावशी, अंगठा. एवढंच वाचलं हिनं. म्या जागी होते. कुडाला कान लावला होता."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या बघण्यात शंका होती. मला आजही वाटतं, ते आणखी दोन पळं तसेच बघत राहिले असते तर मी रडून सगळं ओकले असते. पण त्यांनीच मला वाट काढून दिली. "तू वाचलं होतंस ना?"

"हो गुरुजी. मावशींनीच हळू वाच म्हणून सांगितलं होतं. हिला ताप होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी तिच्या आईला शाळेत बोलावलं. ती डोक्यावरची चुंबळ हातात धरून दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. गुरुजींनी पान पुढं धरलं.

"हा अंगठा तुमचा?"

"व्हय, माजाच."

"हिनं हळू वाचलं होतं?"

"व्हय. म्याच म्हनले व्हते, हळू वाच."

"मग ही जागेची बातमी वाचली होती का नाही?"

ती पानाकडं बघत राहिली. तिला त्यातला फक्त अंगठा ओळखता येत होता. तेवढं एकच त्या पानावर तिचं होतं, आणि ते माझ्या बाजूनं बोलत होतं. शेवटी ती म्हणाली, "वाचली आसंल, गुर्जी. दोन दिस झोप न्हवती. माज्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. आता घ्या की आर्ज."

"अर्ज गेले."

"म्या तळेगावाला चालत जाऊन दीन."

"गेले म्हणतोय ना, बाई!"

तेवढ्यात मुलगी मागनं म्हणाली, "आये, हिनं वाचलंच न्हाई. तुझी काय चूक न्हाई."

आई वळली आणि तिच्या थोबाडीत मारली. खपलीच्या जागी रक्त आलं. "ऊनपाऊस न बघता दर शनवारी दारात येती ती पोरगी, आन् तिला खोटं पाडतीस? ह्येच शिकलीस व्हय साळंत?" मग तिनं चुंबळ काखेत धरली आणि मला हात जोडले. बारा वर्षांच्या मला. "ताई, मनावर घेऊ नका. आजारानं चिडचिडी झालीया." एरवी ती मला अगंतुगं करायची.

मी म्हणाले, "असू दे, मावशी."

तळेगावच्या परीक्षेला वडील मला बैलगाडीनं चिंचवड स्टेशनापर्यंत आणि तिथून आगगाडीनं घेऊन गेले. गणिताच्या पेपरात पहिलाच प्रश्न हौदाचा आला. या वेळी नळ तीन होते. मी पहिला उघडला आणि घंटा होईपर्यंत त्यातच बुडून राहिले. ती जागा चाकणकडच्या कोणा मुलीला मिळाली. मी जूनमध्ये ट्रंक घेऊन पुण्याला काकांकडं गेले, जशी जाणारच होते. ती दिघीला बराकींवर गेली.

पण त्याआधी अजून शनिवार होते आणि वही माझ्याकडंच होती. थोबाडीत बसली त्याच आठवड्यातला शनिवार. मी त्या घरापुढं उभी राहिले, तर आईनं माझ्यासाठी पोतं झटकून अंथरलेलं. मुलगी दारात बसली होती, गालावर नवी खपली. मी वही उघडायच्या आतच आईनं अंगठा शाईला लावून पुढं केला.

"आधी ऐका तरी, मावशी."

"आता काय ऐकायचं? तुमी हाय की."

तरी मी वाचलं. मोठ्यानं, एकही शब्द न गाळता, गुरुजींच्या स्वल्पविरामांसकट. मुलगी पूर्ण वेळ माझ्या ओठांकडं बघत होती. संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "आज समदं वाचलं."

आईचा हात पुन्हा वर गेला. शाई लागलेला अंगठा तसाच हवेत. त्या क्षणी मला बोलायचं होतं, आणि मी बोललेही.

"मावशी," मी म्हणाले, "शाई वाळेल. आधी अंगठा द्या."

तिनं आधी अंगठा दिला.