चेसिसखाली मिटलेले डोळे

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला मी माझ्या दाढेपासून बीपीपर्यंत सगळं सांगतो, ती कंटाळेपर्यंत सांगतो — पण हे नाही. तुम्हाला सांगतोय ते बहुधा एवढ्याचसाठी, की आमच्या घरच्या लग्नात तुम्ही माझ्यासमोर पंगतीला बसणार नाही. आणि तरीही, बघा, हात जड होतोय.

आधी माझी कीर्ती ऐका. जळगावात गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे. पार्ट डब्यात असेपर्यंत मी त्याला नावानिशी ओळखतो; गाडीत बसला की आमची ओळख संपते. पण नातेवाइकांना हा फरक कुठे कळतो? कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की पहिला फोन मला. "भाऊ, तुम्ही फक्त एकदा पाहून घ्या." मग मी बाह्या दुमडतो, पिशवीतून पाना काढतो आणि — खोटं कशाला बोलू — मला फार बरं वाटतं.

वरचं मला येतं, हे मात्र खरं. बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, गिऱ्हाईक येण्याआधीच इंजिन चालवून ठेवलंय, थंड असताना ते कुरकुरत असणार. ऑइलचं झाकण उघडून धूर किती मारते ते बघायचं. दुसरा गिअर निसटतो का, स्टिअरिंग किती मोकळं फिरतं, मागच्या स्प्रिंगला जास्तीचे पाटे घातलेत का — त्यावरून गाडीने किती ओझं ओढलं ते कळतं. पण माल वाहणाऱ्या पिकअपचं खरं दुखणं खाली असतं, चेसिसमध्ये, म्हणजे सगळी गाडी ज्यावर बसते त्या लोखंडी सांगाड्यात. केबिन संपून मागची बॉडी सुरू होते ना, तिथे ती ओझ्याने चिरते. मग वेल्डिंग मारतात आणि वर काळा रंग फासतात. ते बघायचं तर गाडीखाली शिरावं लागतं.

आणि मला गाडीखाली जाण्याची भीती वाटते.

कशी सांगू? बऱ्याच वर्षांपूर्वी दुकानामागे जॅक सरकला आणि एक गाडी धप्पकन खाली बसली. तिच्याखालचा मेकॅनिक मिनिटभर आधी बाहेर आला होता — मीच त्याला चहाला हाक मारली म्हणून. त्याला काही झालं नाही. त्याने चहा प्यायला, वर बिस्किट मागितलं. घाबरलो मी. तेव्हापासून पलंगाखाली गेलेली चप्पलसुद्धा मी झाडूने ओढून काढतो. घरात याला आळस म्हणतात. म्हणू देत.

मग मी काय करायचो? गोणपाट अंथरायचो, उताणा पडून कमरेपर्यंत आत सरकायचो — आणि डोळे गच्च मिटायचो. मिटल्या डोळ्यांनीच पान्याने इकडेतिकडे ठोकायचो. मधूनमधून "हं... हं" करायचो. बाहेर सगळे गप्प, डॉक्टर आत गेल्यासारखे. मग हाताला लागेल ते ग्रीस कोपरांना फासून बाहेर यायचो. चार-पाच गाड्या अशाच पास केल्या. त्या नशिबाने चांगल्या निघाल्या. माझी कीर्ती वाढली.

दिलीप हा माझा चुलत भाऊ, फैजपूरचा. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. केळी वाहायला त्याला पिकअप हवी होती आणि गाडी मिळाली धुळ्याला. मालक गोड माणूस. "नाना, बठ्ठं कंपनीनं शे, कोठे हात लावेल नई," म्हणजे सगळं मूळ कंपनीचंच, कुठे हात लावलेला नाही, असं चहा ओतता ओतता तीनदा म्हणाला. बॉनेट थंड. इंजिन पहिल्या चावीला सुरू. दिलीप माझ्याकडे बघून हसला. तेवढ्यात मला पुढचा डावा टायर दिसला — बाहेरून नवा, आतल्या कडेने झिजून गुळगुळीत.

दुकानात कुणी असा टायर दाखवला असता तर मी पहिला प्रश्न काय विचारला असता? चेसिस पाहिली का? मला हे माहीत होतं. त्या अंगणात ते फक्त मलाच माहीत होतं.

मी गोणपाट अंथरलं, आत सरकलो. दिलीपने वर कुठेतरी हात टेकला असेल, गाडी किंचित हलली, आणि मी ठोकायचंही विसरलो. डोळे मिटून नुसता पडून राहिलो. मग बाहेर येऊन म्हणालो, "चेसिस ठणठणीत."

आमच्याकडे गाडी पास करणाऱ्यानेच नारळ फोडायचा असतो. म्हणजे शब्द कुणाचा, ते चारचौघांत ठरून जातं. फैजपूरला घरासमोर मी तो फोडला. एका फटक्यात. दिलीपच्या मुलीने खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला आणि मी तो चावत राहिलो, चावतच राहिलो.

पुढचे आठ महिने मोबाइलवर दिलीपचं नाव दिसलं की मी फोन दोन-तीनदा वाजू द्यायचो. फोन उचलेपर्यंत मी त्या गाडीला घाटात, पुलावर, कुठेकुठे पाहून यायचो. आणि त्याला विचारायचं असायचं एवढंच — घरी कुणी आहे का, केळ्याचा घड टाकून जातो. ती केळीही मी खाल्ली. एकदा सांगायचंच ठरवून फोन लावला, आणि काकूंच्या गुडघ्याची चौकशी करून ठेवला.

मग गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी तो फोन आला. "भाऊ, गाडी कमरेतून वाकली. नशिराबादजवळ."

मागे केळी भरलेली, केबिनमध्ये दिलीप, त्याची बायको सुनीता आणि मुलगी. चेसिस खचली तशी दोन्ही दारं आवळून बसली, उघडेनात. मुलीला खिडकीतून बाहेर ओढावं लागलं. मी स्कूटरवर पोचलो तेव्हा गाडी तिथल्याच हारूनचाचांच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये ओंडक्यांवर टेकवलेली होती. सुनीता मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीच्या दंडावर खरचटल्याची लांब लाल रेघ.

चाचा नुकतेच खालून बाहेर आले होते. म्हणाले, "ही चीर जुनी आहे. आधी वेल्डिंग मारलंय, वरून रंग दिलाय. गाडी तुमच्याकडे यायच्या आधीचं काम."

दिलीप भडकला. "चाचा, काहीही नका बोलू. आमच्या भाऊंनी सोता खाली झोपून पायलीये ही गाडी."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "मग तुम्हीच या," म्हणाले, "तुम्हाला कळेल."

काय करणार होतो? गेलो. सगळे बघत होते. ओंडक्याने जरा कर्रर्र केलं, पण या वेळी मी डोळे उघडे ठेवले. पहिल्यांदाच.

ते नाकासमोर होतं. वीतभर अंतरावर. बोटाएवढं जाड, ओबडधोबड वेल्डिंग, त्यावर काळ्या रंगाचे पोपडे, आणि त्याच्याच कडेने गेलेली नवी चीर. लपवलेलं म्हणावं असं काही नव्हतं. मान वळवायची गरज नव्हती, पाना ठोकायची नव्हती. धुळ्याला मी याच्याच खाली पडून होतो.

बाहेर आलो. दिलीप म्हणाला, "भाऊ, तुम्ही पायली तव्हा हे नव्हतं ना?"

मी मुलीच्या दंडाकडे पाहिलं. आणि म्हणालो, "नव्हतं."

"पाहा," दिलीप चाचांना म्हणाला.

चाचांनी काळा चष्मा चढवला आणि मशीन सुरू केलं.

दिलीप आता सगळ्यांना सांगतो, ओझं मीच जास्त भरलं, चूक माझीच. फैजपूरच्या गाडीवाल्यांना तो हेही सांगतो, की नशिराबादच्या त्या चाचाकडे जाऊ नका, खोटं बोलतो. माझ्यासमोर सांगतो. मी चहा पीत बसलेला असतो.

चाचा खोटं बोलले नव्हते. धुळ्याला ते वेल्डिंग तिथेच होतं, आणि मी डोळे मिटले होते.