दहा मिनिटांची उधळपट्टी

माझी माय वाऱ्यासारखी कामं उरकायची, असं मी सांगितलं तर ते खोटं ठरेल. ती सावकाशच असायची. फक्त एक काम दोनदा करायची नाही.

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि पाऊस मात्र दडी मारून बसला होता. वडील गेल्यावर मायला लातूरच्या एका नव्या कचेरीत तात्पुरती कारकुनी मिळाली होती. टायपिंगची परीक्षा पास झाली तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा दुसऱ्याच्या शेतात खुरपं. त्यासाठी कचेरीआधी तासभर क्लास. आम्ही राहायला औशात, मी लातूरला अकरावीत. म्हणजे दोघींना सकाळची पहिली एसटी गाठायलाच हवी.

क्लासचा तो तास मायनं घरकामातूनच वाचवून काढला. रविवारी आठवडाभराच्या कडक भाकरी करून डब्यात रचायची. चहापत्ती आणि साखर मापानं मिसळून एकाच डब्यात. तिन्ही साड्यांच्या निऱ्या आधीच घालून पिनेनं टाचलेल्या. रात्री चपला काढतानाच त्यांची तोंडं दाराकडे. लाईट गेली तरी तिचा हात बरोबर काडेपेटीवर पडायचा. शेजारच्या मावशी म्हणायच्या, "हिच्या घरी चूल बी सुट्टीवर जाती बाई!" मला मात्र मायचा भारी अभिमान वाटायचा.

एकाच गोष्टीवरून माझं डोकं फिरायचं. एवढं सगळं वाचवून ती दहा मिनिटं आधीच स्टँडवर जाऊन नुसती उभी राहायची.

"घरी निवांत चहा तरी झाला असता की!" मी कुरकुरायची.

"ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणायची.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी शहाणपणा केला. तिच्या पिशवीतलं हॉल तिकीट काढून बुद्धाच्या तसबिरीमागं ठेवलं. बुद्ध कुणाला परीक्षेत पास करत नाही, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक. तरी ठेवलं, आणि तिला सांगायचं विसरले. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं, तेही चार दिवसांनी. मी घागरी घेऊन नंबराला पळाले.

परत आले तर माय घराच्या मधोमध बसलेली. पिशवी रिकामी, भाकरीचा डबासुद्धा उपडा. तीच पिशवी ती पुन्हा पुन्हा झटकत होती. मी गपचूप तसबिरीमागून तिकीट काढून दिलं. आम्ही पळत सुटलो. एसटी हलायच्या बेतात असताना कशाबशा चढलो.

माय पास झाली, कायमही झाली. हे आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायचं आहे ते एसटीतलं. बसल्या बसल्या मला रडू फुटलं. "माय, माझ्यामुळं तुझी नोकरी गेली असती," मी म्हणाले.

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

"रडू नको पोरी. दहा मिन्टंच गेली न्हवं? तुला कवा काय लागंल सांगता येत न्हाई, म्हून ती म्या रोज तुझ्यासाठीच मागं ठेवत व्हते."