नऊ जाडींचं यंत्र

घरी पास्ता करायचा म्हणून मी पंधरा दिवस यंत्रांचे व्हिडिओ पाहत होते. पास्ता मात्र एकदाही केला नव्हता. शेवटी शहाद्यात भांड्यांच्या दुकानात दोन यंत्रं समोर मांडून घेतली, एक हाताने फिरवायचं आणि एक विजेवरचं. हातवाल्यातून नऊ जाडींच्या पट्ट्या निघतात, हे मी दुकानदारालाच समजावत होते.

शेजारी सोऱ्या बदलून घ्यायला आलेली एक बाई उभी होती, पदर खोचून, बांगड्या कोपराकडे सारून. तिने नऊच्या नऊ जाड्या शांतपणे ऐकून घेतल्या. मग कुणालाही न विचारता हातवालं यंत्र उचललं, काउंटरच्या कडेला स्क्रूने आवळलं आणि जोर लावून ओढून पाहिलं. काउंटर हललं, यंत्र हललं नाही.

"पक्कं शे," ती म्हणाली. "आमनं शेवयास्नं मशीन बी आसंच शे. गल्लीमा एकच शे, घरोघर फिरस. पन वं बहिन, एक जनी हँडल फिरावस, एक पीठ टाकस, एक शेवया झेलस. तुन्हा घर कोण कोण शे?"

नवरा घरी असला तरी फोनमध्ये असतो. मुलगी पुण्यात. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, ते मला सांगता आलं नसतं. ती मात्र हँडलवर हात ठेवून खरोखर उत्तराची वाट पाहत होती.

मी विजेवरचं बांधायला सांगितलं. दुकानदाराने कारण विचारलं, तेव्हा म्हटलं, मोटर चांगली वाटते.