साबणावरचा गाल

शिळाछाप कारखान्यात लेबलांची चित्रे काढणाऱ्या त्या माणसाने आयुष्यभर सगळे उलटे काढले. शिळेवर डावीकडे काढलेले कागदावर उजवीकडे उमटते, हे त्याच्या हाताच्या इतके अंगवळणी पडले होते की डोक्याला त्यात कामच उरले नव्हते. त्याची चित्रे घरोघर पोचली आणि केरात गेली. त्यांवर नाव कंपनीचे असे.

त्यांतले एक वेष्टन मात्र त्याला टोचत राहिले. साबणावरच्या बाईचा चेहरा त्याने थोरल्या बहिणीवरून काढला होता, तिला न विचारता. लहानपणी, नको म्हटले असताना त्याने शेगडीवरचे पातेले ओढले. ताई आडवी आली आणि उकळते दूध तिच्या गालावर सांडले. माझाच धक्का लागला, असे तिने आईला सांगितले. त्याने तोंड उघडले नाही. पुढे वेष्टनावर त्याने तो गाल नितळ केला, कारण साबणावर डाग चालत नाही. ताई ते पाहून एवढेच म्हणाली, "बरी दिसते रे तुझी बाई."

तो सत्तरीचा झाला तेव्हा कलाशाळेतल्या मुलींनी उड्डाणपुलाखालच्या भिंतीवर तोच चेहरा वीस वेळा रंगवला, कुठे निळा, कुठे जांभळा. त्यांच्या शिक्षिकेने पत्ता शोधून त्याला सही करायला बोलावले. दुकाने मालाने भरून वाहू लागली, तेव्हा काही चित्रकारांना डबे, वेष्टने आणि जाहिराती हाच आपल्या काळाचा चेहरा वाटला, असे शिक्षिका सांगत होत्या. आणि ज्या पोरांना कुठल्याच कलादालनात जागा नव्हती, त्यांनी फवाऱ्याच्या रंगाने भिंतींवर आपली नावे लिहिली. दोन्हींची ओढ एकच: रोज नजरेखालून जाते ते माणसाने थांबून पाहावे. हे ऐकताना त्याची मान खाली गेली.

सोबत आलेली ताई घडीच्या खुर्चीवर बसली होती. "कर सही," ती म्हणाली. "आजवर विजेच्या अर्जांवरच सह्या केल्यास."

त्याने कुंचला घेतला, पण सही केली नाही. "ही माझी बहीण," तो मुलींना म्हणाला. "हिच्या गालावर भाजल्याचा डाग आहे. तो माझ्यामुळे झाला, आणि इथून मीच पुसला." मग पहिल्या चेहऱ्यावर त्याने तो डाग रंगवला.

ताई उठून भिंतीजवळ गेली. "अरे, हा गाल नव्हे. दुसरा."

शिळेची सवय, असे म्हणता आले असते आणि ते खोटेही ठरले नसते. पण खरा गाल कोणता, हे त्याला आता डोळे मिटूनही आठवेना. साठ-पासष्ट वर्षे तो तिच्याशी बोलताना ताटाकडे, दाराकडे, तिच्या हातांकडे बघत आला होता.

एका मुलीने फडके पुढे केले. त्याने ते परत दिले. पुसणे त्याला पुरे झाले होते.

"ताई, जरा उजेडाकडे तोंड कर."

"आता या वयात काय बघायचंय?" ती म्हणाली, पण वळली.

तो बघत राहिला. कुंचल्यावरचा रंग सुकला, तरी दुसऱ्या चेहऱ्याकडे त्याचा हात गेला नव्हता.