जीजाजींनी वाळवलेला डोंगा

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या गावच्या तलावावर जे झालं ना... ते आठवलं की मला अजून हसू आवरत नाही. परवा लाखनीला पार्लरमध्ये एका बाईंचे आयब्रो करताना हसले, तर त्या घाबरून उठूनच बसल्या.

अड्याळहून थोडं आत आमचं गाव. बाबा जन्मभर तलावात मासे धरत आणि शिंगाडे काढत आले. आजोबांच्या वेळचा लाकडी डोंगा, म्हणजे छोटी होडी होती, पण ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरायची सोय झाली आणि डोंगा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली पालथा पडला तो पडलाच.

यंदा ताई फोनवर सहज बोलून गेली, "लहानपणीसारखे डोंग्यात बसून शिंगाडे तोडावेसे वाटतात गं..." आईने ते बाबांच्या कानावर घातलं. बाबा ना हो म्हणाले, ना नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगा उलटवून बसले!

सडक्या फळ्या काढून सागाच्या नव्या बसवल्या. फटींत कापूस-सुतळी ठोसली, वरून गरम डांबर फिरवलं. मी पार्लरवाली, पण असं फेशियल मी जन्मात कुणाचं केलं नाही.

आता घरातली अडचण सांगते. ताईने लग्न स्वतःच्या मनाने केलं, दुसऱ्या समाजात. बाबांनी भांडण केलं नाही, पण दोन वर्षांत जीजाजींशी सरळ एक वाक्यही बोलले नाहीत. मान मात्र भरपूर! पाट, दुपट्टा, नारळ... आणि समोर बसलेल्या माणसाबद्दल आईला विचारायचं, "पावण्याईले च्या पायजे का?"

जीजाजी बिचारे मान खाली घालून चहा पीत. ताई म्हणायची, "त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं गं."

तर ताई-जीजाजी दिवाळीला आलेले. त्या दिवशी बाबा बाजाराला गेलेले, आम्ही बहिणी चकल्यांत गुंतलेल्या. जीजाजी तलावाकडे फिरायला गेले. पाहतात तर काय... सासऱ्यांनी एवढा खपून दुरुस्त केलेला डोंगा पाण्यात बुडालेला, आणि वरून आत मोठमोठे गोटे भरलेले!

त्यांना वाटलं, कुणीतरी दावा साधला. माणूस नागपूरचा, एसी दुरुस्त करणारा. त्याला काय माहीत, की वाळलेल्या डोंग्याला आधी चार दिवस असंच बुडवून ठेवतात. लाकूड पाणी पिऊन फुगतं, मग फटी आपोआप मिटतात.

जीजाजी पँट वर करून उतरले पाण्यात. सगळे गोटे काढले, बादलीने पाणी उपसलं, डोंगा ओढून पाळीवर आणला आणि टळटळीत उन्हात वाळत घातला. वर स्वतःच्या टॉवेलने पुसलाही.

आणि शेजारचे रामाजीकाका पूर्ण वेळ तिथेच बसलेले! नुसते बसलेले नाही, ओढायला हातही लावला. मी नंतर विचारलं, काका, सांगितलं काहून नाही? तर म्हणतात, "गावचा जावई हाय बाप्पा... त्याले चूक सांगाव कसा?"

जीजाजी चिखलाने माखून घरी आले. चेहऱ्यावर असा आनंद, की आता तरी सासरे बोलतील! त्यांनी पराक्रम सांगितला आणि माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. दोन वर्षांत जेमतेम जे सांधलं होतं, तेही गेलं असंच आम्हाला वाटलं.

तेवढ्यात बाबांची सायकल. ते पाळीवरूनच आले होते... म्हणजे पाहून आले होते. पिशवी अंगणात टाकली आणि थेट जीजाजींच्या समोर उभे राहिले.

"अरे बयताडा! चार दिस झाले त्याले पाणी पाजून राहिलो होतो, अन् तू त्याले उन्हात वाळू घातला? पापड हाय का तो?"

जीजाजी हळूच म्हणाले, "बाबा, मला वाटलं कुणी मुद्दाम बुडवला..."

"म्याच बुडवला होता! पाह्यतं काय आता? चाल, गोटे उचल!"

दोघं गेले. आम्ही मागून पाहतोय, तर बाबा कमरेइतक्या पाण्यात उभे आणि अखंड तोंड चालू... "इकडे नाही रे, तिकडे ठेव... जेवला नाही का आज?" जीजाजी गोटे वाहतायत आणि चक्क हसतायत. ताईला विचारलं, रडतेस कशाला? म्हणाली, "अगं, बाबा त्याला रागावले!" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाहुण्याला कोण रागावतं? रागावतात ते घरच्या माणसाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगा थोडा गळतच होता, पण बाबा थांबायला तयार नव्हते. मागे बाबा बांबू घेऊन, मध्ये शिंगाडे तोडणारी ताई आणि तळाशी डबा घेऊन पाणी उपसणारे जीजाजी. हात थांबला की मागून आवाज, "उपस ना बे!" ताईचं ते हसणं मी फार दिवसांनी ऐकलं. पाळीवर उभी राहून मीही पोटभर हसले आणि थोडी रडलेही.

आता डोंगा मस्त फुगलाय, पाण्याचा थेंब आत येत नाही. त्या जुन्या लाकडाचे उपकार कसे फेडायचे ते मला तरी कळत नाही.

भाऊबीज करून ताई-जीजाजी निघाले, तेव्हा दुपट्टा आणि नारळ द्यायचं बाबा साफ विसरले. त्याऐवजी ओल्या शिंगाड्यांचं पोतं बांधून दारात ठेवलं आणि जीजाजींकडे पाहून ओरडले, "पाह्यतं काय? उचल ना... का मी उचलू?"