रोज मरणारी बॅटरी

हे ऐकून तुम्ही मला हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा. आमच्या सोसायटीत हसून झालेलं आहे, तेव्हा तुम्ही काही पहिले नाही. फक्त चहा पिताना जरा बेतानं.

माझे मामा नारायण पेठेत राहतात. त्यांची एक मोटरसायकल आहे, माझ्या जन्माच्या आधीची. काळी, गोल दिव्याची, टाकीवर सोनेरी रेघ. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मामांनी ती मला दिली, आणि मी ती कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून लावली. लावताना मला काय वाटलं म्हणून सांगू? वाटलं, आपण आता नुसते ऑफिसला जाणारे गृहस्थ उरलो नाही.

संध्याकाळी घरी आलो की एक चक्कर मारायची. परत आलो की गाडी भिंतीकडे तोंड करून लावायची, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा, गाडी फडक्यानं पुसायची, किल्ली डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवून काढायची आणि वर ताडपत्रीचं कव्हर घालायचं. लेकराला पांघरूण घालावं तसं.

आणि दुसऱ्या दिवशी गाडी मेलेली.

या जुन्या गाडीचं असं आहे, की बॅटरी उतरली तर ठिणगीच पडत नाही. मग तुम्ही किक मारा नाही तर नवस बोला. मी किक मारली. पायात गोळे येईपर्यंत मारली. शेवटी बॅटरी काढून वर नेली आणि चार्जरला लावली, ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी. बायकोनं चटणी पाट्यावर वाटायला घेतली, आणि आवाज जरा जास्तच येऊ दिला.

चार्ज केलेली बॅटरी बसवली की गाडी एका किकमध्ये सुरू. चक्कर मारून यायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मी बॅटरी नवी आणली. मग वाटलं, डायनॅमो चार्ज करत नसेल, तर त्याच्या आतले झिजणारे कार्बन बदलले. मीटर आणला. व्हिडिओ बघून वायरी मोजल्या. गाडी चालू असताना चार्जिंग अगदी ठणठणीत. म्हणजे रोग सापडत नाही, पण रोगी रोज मरतोय.

हे सगळं पार्किंगमध्ये चाललेलं, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. येणारा जाणारा थांबायचा. कुणी म्हणे विकून टाका, कुणी म्हणे इलेक्ट्रिक घ्या. मी कान बंद करून घेतले होते. एकदा जिन्यात जोगळेकर काका भेटले. हे आमच्या खालच्या मजल्यावरचे, निवृत्त, एकटेच राहणारे. कमी बोलणारे, आणि बोलले तर मोजून मापून.

"अहो, तुमच्या गाडीबद्दल जरा सांगायचं होतं," ते म्हणाले.

मी तीन तीन पायऱ्या चढत होतो. म्हटलं, काका, बॅटरी नवी आहे, कार्बन नवे आहेत, सगळं बघून झालंय. ते "बरं" म्हणाले. मी वर गेलो.

शेवटी मामांच्या जुन्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्यांनी सकाळभर तपासली आणि सांगितलं, गाडीत दोष नाही. रात्रभर काहीतरी चालू राहतंय, घरी कोण चालू ठेवतं ते बघा.

आता एखादा शहाणा माणूस यातून काय अर्थ काढेल? मी काढला तो असा: कोणीतरी चालू ठेवतं. कोणीतरी! कर्वेनगरपर्यंत येईस्तोवर त्या कोणीतरीला मी हातपाय दिले होते, आणि घरी पोचलो तेव्हा फक्त चेहरा बाकी होता.

चेहरा त्याच आठवड्यात मिळाला. दिवेलागणीला गॅलरीत उभा होतो, तर जोगळेकर काका माझ्या गाडीपाशी. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. वाकले. कव्हर वर उचललं.

मी धावत खाली जाऊन विचारायला हवं होतं, हे मला आज कळतं. मी मात्र सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर टाकला. नाव घेतलं नाही, हां. आपण सभ्य माणसं. लिहिलं, "काही ज्येष्ठ सदस्य इतरांच्या वाहनांशी खेळतात व बॅटरी उतरवतात, हे शोभनीय नाही." आमच्या इमारतीत ज्येष्ठ किती? जोगळेकर काका, आणि वरच्या मजल्यावरच्या एक आजी, ज्या घराबाहेर पडत नाहीत. मग ग्रुपवर एकेक अंगठा उमटू लागला. कुणी लिहिलं, माझ्याही स्कूटरची हवा गेली होती. कुणाची सायकलची घंटा हरवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकांच्या नावावर, नाव न घेता, अर्ध्या पार्किंगची पापं जमा झाली.

तेव्हापासून काका खाली दिसेनात. रोज संध्याकाळी बाकावर बसायचे, तो बाक रिकामा. बायको एकदा इतकंच म्हणाली, "त्यांना विचारलंस का तू?" मी म्हटलं, पुरावाच दाखवतो.

आमच्या सेक्रेटरी शिंदे ताई. मी त्यांच्या मागे लागून सीसीटीव्हीचं चित्रीकरण काढायला लावलं. रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये पाचसहा जण जमले. ताईंनी काकांनाही बोलावलं होतं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. चहा घेतला नाही.

चित्र सुरू झालं. कॅमेरा गाडीच्या समोरच्या भिंतीवरचा. आधी मीच दिसलो. गाडी लावली, पुसली, टाकीवर हात फिरवला. कोणीतरी खुदकन हसलं. किल्ली डावीकडे फिरवली, काढली, कव्हर घातलं, गेलो.

ताईंनी चित्र पुढे पळवलं. उजेड कमी होत गेला. आणि ताडपत्रीच्या आत, समोरच्या बाजूला, हळूहळू एक पिवळा ठिपका उमटला. देव्हाऱ्याचं दार लोटलेलं असावं आणि आत समई तेवत असावी, तसा.

मला अजून कळलं नव्हतं. बाकीच्यांना कळलं असावं, कारण सगळे वळून माझ्याकडे बघू लागले.

मग काका आले. थांबले. कव्हर उचललं, दिव्याकडे बघितलं, बटण शोधल्यासारखी मान इकडेतिकडे केली. हात मात्र लावला नाही. कव्हर जागच्या जागी नीट खाली सोडलं, मान वर करून आमच्या गॅलरीकडे पाहिलं, आणि निघून गेले.

त्या जुन्या गाड्यांना, मंडळी, डावीकडे एक खाच असते, पार्किंगच्या दिव्याची. अंधारात रस्त्याकडेला गाडी उभी केली तर दिसावी म्हणून. तिथे किल्ली निघते आणि दिवा जळत राहतो. मी आजकालच्या गाड्यांसारखं समजत होतो, की डावीकडे म्हणजे लॉक. उन्हं असताना तो इवलासा बल्ब दिसायचा नाही, आणि अंधार पडायच्या आत मी स्वतःच्या हातानं त्यावर पांघरूण घालत होतो.

"जिन्यात हेच सांगत होतो," काका शांतपणे म्हणाले. "आपण घाईत होतात."

ते उठून गेले. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. गाडीचा प्रत्येक स्क्रू मी उघडून बघितला होता, सोसायटीतला प्रत्येक माणूस मनातल्या मनात उघडून बघितला होता. स्वतःचा हात तेवढा तपासायचा राहिला.

ग्रुपवर माफी मागितली, या वेळी नाव घेऊन. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. संध्याकाळी काकांचं दार वाजवलं. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, ते सगळं विसरलो, आणि म्हणालो, काका, एक चक्कर मारू या? ते आत जाऊन चपला घालून आले.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. काका मागे ताठ बसले होते, माझ्या खांद्यावर हलकासा हात ठेवून. वारा छान होता. मला वाटलं, चला, जमलं बुवा. वारज्याच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

मी ताबडतोब उतरलो. सीट काढलं, बॅटरीच्या वायरी हलवल्या, प्लग काढून पुसला, दिवा लावून पाहिला, हॉर्न वाजवून पाहिला. काकांना समजावूनही सांगितलं, की बहुतेक कॉइल तापली असावी. काका बाजूला उभे राहून सगळं ऐकत होते. मी घाम पुसायला थांबलो, तेव्हा ते खाकरले.

"पेट्रोलचा कॉक बंद दिसतोय. नळीत होतं तेवढ्यावर इथवर आलो," ते म्हणाले. "सांगावं की नाही, याचाच मगाचपासून विचार करतोय."